दिवसा कपाट, रात्री पलंग

आदरणीय रेन्स्केमावशीस,

यिल्डूचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? काकांचा खोकला कमी झाला का? मेंढ्यांना कोकरं झाली असतीलच. मी इकडे मजेत आहे. (पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचताना ते विसरून जा.) खरं तर फोनच केला असता, पण तू फोन मोठ्या आवाजात लावतेस आणि संध्याकाळी आई तुझ्या शेजारीच विणत बसलेली असते. हे तिच्या कानावर जाता कामा नये.

रविवारी आईची पन्नाशी. ती माझ्या घरी, इथे ग्रोनिंगनला व्हावी म्हणून मी तिला किती विनवलं ते तू पाहिलंस. आयुष्यभर तिने लोकांच्या बैठकीच्या खोल्या पुसल्या. एकदा तरी तिने हातात फडकं न घेता, पाहुणी म्हणून, लेकीच्या बैठकीत बसावं, एवढंच मला हवं होतं. त्यावर ती काय म्हणाली? "तुझ्या त्या खोक्यात आम्ही बसायचं कुठं गं? एकमेकांच्या मांडीवर?" यात ती चुकत नव्हती. आपल्याकडे वाढदिवस म्हटला की सगळ्यांनी खुर्च्यांचा गोल करून बसायचं, आणि माझ्या खोलीत पलंग असताना गोल काढायचा तर निम्मं घराणं जिन्यात बसलं असतं. म्हणून जागा होईल असं सांगून मी तिला कबूल केलं आणि इंटरनेटवरून एक कपाट मागवलं. दिवसा कपाट, रात्री त्यातून पलंग खाली येतो. सुटं येतं, आपलं आपण जोडायचं.

मावशी, असल्या सामानावर माझी श्रद्धा होती. भाडेकरू संघाच्या सभेत मी भाषणसुद्धा केलं होतं की स्वस्त, सुटं सामान म्हणजे लहान घरात चालत आलेली समता आहे. ते भाषण मी मागे घेते. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीही त्या मागे घ्याव्यात. दुकानाच्या चित्रात एक अनवाणी बाई कपाटाशेजारी उभी आहे आणि खोलीत लिंबांच्या वाडग्याखेरीज काही नाही. ना ओला कोट, ना सायकलीचा पंप, ना वाळत घातलेले मोजे. या बाईला कपाट हवंच कशाला? खाली गिऱ्हाइकांचे अभिप्राय: "अजून उघडलं नाही, पण उत्तम आहे." पाच तारे! (मीही त्यावर विसंबले. चार वर्षं समाजशास्त्र शिकून.)

खोकी आली. त्यात एक पुस्तिका, तिच्यात एकही शब्द नाही, नुसता एक गोल डोक्याचा हसरा माणूस. पहिल्या चित्रात तो एकटा आहे आणि त्याच्यावर फुली मारलेली. दुसऱ्यात ते दोघे आहेत, म्हणून खूश. म्हणजे एकट्या माणसाच्या खोलीसाठी केलेलं कपाट जोडायला दोन माणसं लागतात! दुकानाला तक्रार लिहिली की एका फळीची भोकं भलत्याच बाजूला आहेत. लोटे नावाच्या मुलीचं तत्काळ उत्तर आलं, "वा, छान! आणखी काही मदत करू?" लोटे ही मुलगी नाही, यंत्र आहे. मुलगी असती तर तिला थोडी तरी लाज वाटली असती.

मग खालच्या मजल्यावरचा हार्म म्हातारा स्वतःहून वर आला. म्हणाला, "नुसत्या स्क्रूंवर काय जातेस पोरी? गोंद लाव, गोंद! जन्मात हलायचं नाही." लावला. पडदे अर्थात उघडेच होते. दिवे लागल्यावर पडदे ओढणारी बाई काहीतरी लपवत असते, हे मला आईनंच शिकवलंय. त्यामुळे समोरच्या डाइकेमाबाईंना सगळा तमाशा फुकट दिसत होता. त्यांनी खिडकी उघडली.

"अगं ए! ती फळी उलटी लागली!"

"कळतंय मला!"

"कळतंय तर लावलीस कशाला?"

खालून जाणारा एक सायकलवाला थांबला आणि त्यानंही बाईंच्याच बाजूनं मत दिलं. तेव्हा पडदे ओढायला हवे होते. पण ओढले असते तर मला जमत नाही हे सगळ्या गल्लीला कळलं असतं. म्हणून ते कळू नये यासाठी मी सगळ्या गल्लीसमोर चुकत राहिले.

हसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून कपाट आडवं ठेवून जोडलं आणि मग उभं करायला घेतलं. कपाट उभं असताना जेवढं असतं त्याहून ते उठताना, तिरकं असताना लांब असतं. हे मला शाळेत शिकवलं होतं आणि विद्यापीठात बहुधा विसरायला लावलं. माथा छताच्या उतरत्या तुळईखाली घुसला, पाय दाराशी रुतला, आणि ते तसंच राहिलं. दार आता वीतभरच उघडतं. गोंद वाळलाय. ("सांगितलं होतं ना, हलायचं नाही म्हणून?" हार्म दाराबाहेरून अभिमानाने म्हणाला.) घरमालकाच्या कचेरीने कळवलंय की योग्य वेळी पाहणी होईल. कालपासून मी आत आहे, आणि तोवर आतच. बाहेर छताच्या टोकाला सामान वर ओढायचा आकडा आहे, त्याच्या दोरीने हार्म माझ्या खिडकीशी डबा चढवतो. आज कॉफीबरोबर एकच बिस्किट होतं. दोन दोरीला झेपली नसती, म्हणे.

असो. रविवारी सगळे नक्की या. काकांना माझा नमस्कार सांग.

तुझी भाची,
यिल्डू

ता. क. काकांची मोठी करवत केकच्या डब्याखाली दडवून आण, आणि आईच्या आधी तासभर ये. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच होतं. आईला काही विचारू देऊ नकोस.

ता. क. पुन्हा. पाकीट चिकटवणार इतक्यात खिडकीतून पाहिलं तर आई खाली उभी! रविवारी घर शोधताना फजिती नको म्हणून आजच रस्ता पाहायला आली होती. मान वर करून तिने खिडकीतलं तिरकं कपाट बघितलं, दोरीला लोंबणारा डबा बघितला. मग म्हणाली, "यिल्डू, तू घरात आहेस का कपाटात?" मला रडूच आलं. मी ओरडले, "आई, रविवार रद्द!" तशी डाइकेमाबाईंची खिडकी उघडली. "रद्द कसला? वर या हो बाई, इथून जास्त चांगलं दिसतं!" आई बुटांना चिखल आहे म्हणून नको नको करत होती, पण बाईंनी तिला हाताला धरून नेलं.

आत्ता ती समोर बसली आहे. कोट काढून, चांगल्या खुर्चीत. एकदा टेबल पुसायला उठली, तर बाईंनी तिला दटावून खाली बसवलं. दोघी मिळून मला नावं ठेवताहेत. आई हसतेय. परक्या बैठकीत बसून हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. रविवारचा गोल तिथेच करायचा, हे दोघींनी मला न विचारता ठरवून टाकलंय. करवत सोमवारी आणलीस तरी चालेल. फक्त आईची खुर्ची माझ्या खिडकीकडे तोंड करून ठेव.