चौदा ग्रॅम शिशाबाबत

मी, खाली सही करणार, वय त्र्याहत्तर, धंदा मासे पकडायची रिळे दुरुस्त करणे, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, आज पूर्ण शुद्धीवर असून हे स्वतःच्या हाताने लिहितो. मला कोणी दटावलेले नाही, कोणी गोड बोलून लिहवूनही घेतलेले नाही. गोड बोलणारे या महिन्यात तिघे येऊन गेले. ते कोण, ते मी वेगळ्या कागदावर टिपून ठेवले आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत खाली आलो तेव्हा त्यांनीच हात जोडले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी पुढे केलाच तर भिंगाखाली धरावा.

वकिलांनी बजावले आहे की खाडाखोड करायची नाही, चुकले तर पुढे नवे कलम घालायचे. म्हणून एकदा लिहिले ते तसेच राहील.

कलम १. घर आणि दुकान माझ्या पत्नीला, तिच्यामागे मुलीला. पत्नीच्या हयातीत "आई, तुम्ही आता आमच्याकडेच चला," असे म्हणून तिला कोणी हलवू नये. असे म्हणणाऱ्याचा डोळा दुकानाच्या रस्त्याकडच्या बाजूवर असतो. बँकेतली शिल्लकही पत्नीलाच. पासबुक कुठे आहे ते तिला माहीत आहे. मी तीनदा जागा बदलली आणि तिन्ही वेळा तिला माहीत होते. कसे, ते मला अजून कळलेले नाही.

कलम २. काठ्या. काठी माणूस बघून द्यावी, माणसाची हौस बघून नव्हे. सात फुटी कडक काठी आणि तिच्यावरचे आडव्या चकतीचे बेटकास्टिंग रीळ मुलीला. बास मासा बुडालेल्या खोडांत आणि पाणगवतात दबा धरून बसतो. तिथून त्याला बाहेर काढायला कडक काठी लागते, आणि धरणाराही कडक लागतो. या रिळावर सारखा अंगठा ठेवावा लागतो. आमिष पाण्याला टेकले की त्याच क्षणी चकती थांबवायची, नाहीतर आत तंगुसाचे घरटे होते. (तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. वकिलांना माहीत नव्हते, म्हणून लिहिले.) मुलीचा अंगठा वयाच्या नवव्या वर्षापासून बरोबर पडतो.

साडेसहा फुटी मऊ काठी आणि स्पिनिंग रीळ जावयांना. या रिळात गुंता होत नाही असे म्हणतात. जावयांनी दोनदा करून दाखवला आहे. ते दर खेपेला विचारतात, "पप्पा, ही रिळं जुनी झाली की भाव येतो ना?" येतो. म्हणून जुनी रिळे मुलीच्या नावावर आहेत.

कलम ३. शेजारच्या शिंप्याने अकरा वर्षांपूर्वी माझी मासे उचलायची जाळी उसनी नेली. विचारले की म्हणतो, "कुठली जाळी?" त्याच्या गच्चीवर तिच्यात कांदे टांगलेले मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. ती जाळी मी त्याला या मृत्युपत्राने बक्षीस देतो. त्याने बक्षीस स्वीकारले की जाळी माझी होती हे आपोआप सिद्ध होईल.

कलम ४. धाकटा भाऊ. सदर इसमास माझ्या मिळकतीतून काडीही मिळणार नाही. कारण वारसांना ठाऊक असावे.

एकोणीस वर्षांपूर्वी तळ्यावरच्या स्पर्धेत आम्ही दोघे एका होडीत होतो. दुपारी माझ्या गळाला दोन किलो सहाशेचा बास लागला, दुसऱ्या नंबरापेक्षा नऊ ग्रॅम जास्त. पहिल्या नंबराचा मासा सगळ्यांसमोर कापायचा असा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा नियम. वजनकाट्यावर बसणाऱ्या काटेवाल्यांनी पोट चिरले आणि आतून शिशाचा गोळा टण्णकन थाळ्यात पडला. चौदा ग्रॅम. वजन वाढवायला माशाच्या तोंडात शिसे कोंबणारे लोक असतात, हे तिथे सगळ्यांना ठाऊक. अध्यक्षांनी मला एक संधी दिली. म्हणाले, "सकाळी एखादा मासा तुमचं शिसं घेऊन सुटला होता का?" मी म्हणालो, "माझ्या रिळावरून मासा सुटत नाही." (सकाळी एकदा तंगूस तुटला होता, पण तो खोडात अडकून. त्याचा इथे संबंध नाही.) मग त्यांनी भावाला विचारले. त्याने मान खाली घातली.

चोराच्या मनात चांदणे. मासा त्याच्याच बादलीत होता, आणि मी नाव नोंदवायला गेलो तेव्हा बादलीपाशी तोच एकटा होता. थोरल्याचे नाव झालेले त्याला बघवले नाही. मी तिथेच, चारचौघांत, त्याच्या कानाखाली वाजवली. तेव्हापासून बाजारात लोक मला 'शिसेवाले' म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो. समोर आलाच तर मी त्याच्या चपलांकडे पाहतो. एकोणीस वर्षांत त्याने सात वेळा चपला बदलल्या.

कलम ५. माझ्यामागे दुकान चालवताना मुलीने गिऱ्हाइकाला एवढे तरी सांगावे. गवतात टाकायचे असेल तर रबरी गांडूळ घ्या, त्याच्यापुढे शिसे तंगुसावर मोकळे ओवा, आणि मासा चघळेल तेवढा धीर धरा. उघड्या पाण्यात फिरकी, म्हणजे गरगर फिरणारे चकचकीत आमिष, चालते, पण फिरकीला मऊ टोकाची काठी लागते. कडक काठीने ती माशाच्या तोंडातून हिसकली जाते. आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, दर वेळी तपासा. तंगूस दाराच्या कडीला बांधायचा, मध्ये ताणकाटा लावायचा, आणि ओढायचे. तंगूस जेवढा भार सोसतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर रीळ सुटायला हवे. त्याहून घट्ट ठेवतो तो एक तर अडाणी, नाहीतर हेकट.

कलम ६. हे कलम नऊ दिवसांनी लिहीत आहे.

काटेवाले गेल्या महिन्यात वारले. परवा त्यांची सून दुकानात आली आणि माझे नाव लिहिलेले बंद पाकीट काउंटरवर ठेवून म्हणाली, "सासऱ्यांच्या कपाटात होतं. म्हटलं, ज्याचं त्याला पोचवावं."

मी विचारले, "उघडलं होतंत?"

"नाही हो, बंदच आहे की."

"मग आत काय आहे ते तुम्हाला कसं कळलं?"

"अहो काका, मला कुठे काय कळलंय?" ती म्हणाली आणि निघून गेली. घाईत होती. ही घाईही मी टिपून ठेवली.

पाकिटात एक गळ होता, त्याच्या नाकाला वीतभर तंगूस, आणि चिठ्ठी. "मासा मी घरी नेला. संध्याकाळी डोके साफ करताना घशात हा गळ रुतलेला मिळाला. तोवर तुम्ही भावाला मारून निघून गेला होतात आणि कप दुसऱ्याला दिला गेला होता. उद्या सांगू म्हटले. उद्याचे परवा झाले. मग तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटू लागली." खाली काटेवाल्यांची सही.

एकोणीस वर्षांनी असे पाकीट येते म्हणजे कोणाचा तरी फायदा असणार. मी पहिला संशय भावावरच घेतला. गळ भिंगाखाली धरला. टोकाला तीन बाजूंनी धार होती. तशी धार माझ्या दुकानातल्या दगडावर लागते, दुसरीकडे लागत नाही. गाठ पाहिली. पाच वेढ्यांची, माझी. भाऊ लहानपणापासून दुहेरी फासाची गाठ मारतो. तंगुसाचे टोक कापलेले नव्हते; ताणून बारीक झालेले आणि वळलेले होते. दार लावून घेतले, कडीला तंगूस बांधला, ड्रॅग आवळला आणि ओढले. तुटला. टोक पाहिले. तसेच. पुन्हा केले. सहा वेळा केले. सहाव्या वेळी कडी निघून हातात आली.

कलम ७. आता शपथेवर लिहितो.

त्या जागी खोड नव्हते. खोड डोके झटकत नाही. सकाळी धाकटा म्हणाला होता, "दादा, ड्रॅग फार आवळलायस, जरा सैल कर." त्याने सांगितले म्हणूनच मी तो आणखी अर्धा आटा आवळला. मासा लागला, त्याने एक हिसका दिला आणि तंगूस तुटला. गळ त्याच्या घशात राहिला, मोकळे शिसे ओघळून पोटात गेले. रिळे दुरुस्त करणाऱ्याच्या रिळाने दोरा सोडला नाही, हे मी कोणाला सांगणार होतो? मी म्हणालो, "खोड होतं." दुपारी त्याच कोपऱ्यात बास लागला तेव्हा धाकटा हळूच म्हणाला, "दादा, सकाळचाच दिसतोय हा." मी पुन्हा म्हणालो, "सकाळी खोड होतं." मग त्याने मासा उचलून आपल्या बादलीत टाकला.

अध्यक्षांनी त्याला विचारले तेव्हा खरे सांगितले असते तर मी सगळ्यांसमोर खोटा ठरलो असतो. आणि खोटे त्याला बोलवेना. म्हणून त्याने मान खाली घातली. मी एक "हो" म्हणालो असतो तर दोघेही सुटलो असतो. कप मी माझ्या तोंडाने घालवला आणि थप्पड त्याला मारली.

मला याची फार लाज वाटते. मला त्याची फार आठवणही येते. हे दुसरीकडे कुठे लिहिण्याची सोय नाही म्हणून इथे लिहितो.

सबब कलम ४ रद्द. माझी होडी, वल्ह्यांसकट, धाकट्या भावाला. माझ्या मृत्यूनंतर मंडळाच्या पहिल्याच स्पर्धेत हे कलम मोठ्याने वाचावे. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावे.

कलम ८. वरचे कलम मी कुलपात ठेवले होते. पत्नीने वाचले.

"अहो, हे वाचायचं कधी?" तिने विचारले.

"मी गेल्यावर."

"वा! थप्पड जिवंतपणी आणि माफी मेल्यावर?"

"कायद्याने मृत्युपत्र नंतरच—"

"कायदा गेला खड्ड्यात. तो काय उत्तर देतो ते ऐकायला तुम्ही असणार आहात का?" असे म्हणून तिने चपला घातल्या आणि ती गेली.

आज सह्यांचा दिवस. डॉक्टर आणि वकील बसले होते. दुसरा साक्षीदार म्हणून मी शिंप्याला बोलावले होते. वकिलांनी त्याला उठवला. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते तो साक्षीला चालत नाही म्हणे, आणि शिंप्याला जाळी मिळते. शिंपी म्हणाला, "कुठली जाळी?" एवढ्यात पत्नी परत आली. मागे धाकटा होता.

सवयीने मी चपलांकडे पाहिले. मग वर पाहिले. त्याचे केस सगळे पांढरे झाले आहेत. चपला पाहण्याच्या नादात मला हे कळलेच नव्हते.

मी कलम ७ त्याच्या हातात दिले. त्याने उभ्यानेच वाचले. वाचून म्हणाला, "अर्धा आटा नाही दादा. पूर्ण एक आवळला होतास."

मी म्हणालो, "अर्धा."

"बरं. अर्धा."

मग मी म्हणालो, "नाही रे. पूर्ण एक होता. चुकलं माझं." मी खाली बसलो. त्याने आतून पाणी आणून दिले. पेले कुठल्या फळीवर असतात ते त्याला अजून माहीत होते.

वकिलांनी घड्याळ पाहिले. म्हणाले, "आता दुसरा साक्षीदार कुठून आणायचा?"

"मी करतो की सही," धाकटा म्हणाला.

"तुम्हाला होडी मिळते. सही केलीत तर होडी गेली."

"जाऊ दे."

मी म्हणालो, "अरे, नीट विचार कर. सागाची होडी आहे."

"दादा, त्या दिवशी मला साक्षीला उभं केलं होतं आणि मी गप्प बसलो. आता बसायचं नाहीये मला." मग पत्नीकडे वळून म्हणाला, "वहिनी, होडी पोरीला द्या. मी तिच्याबरोबर जाईन."

म्हणजे होडी घ्यायची नाही आणि होडीत बसायचे मात्र. यात काहीतरी डाव असावा असे माझ्या मनात आले. आले ते आले, ते मी लपवत नाही. वकिलांनी सांगितल्यावरून होडी मुलीला. भावाला माझ्याकडून काहीही नाही, त्याच्याच म्हणण्यावरून.

कलम ७ माझ्या मृत्यूनंतर वाचण्याची अट मी काढून टाकतो. स्पर्धा येत्या रविवारी आहे. मी स्वतः वाचीन. आवाज बसला तर पुढे धाकटा वाचेल.

स्थळ: राहते घर, दुकानामागची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी

लिहून ठेवणार: (सही)
रीळवाले, ऊर्फ शिसेवाले

साक्षीदार पहिला: (सही)
डॉक्टर. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मनःस्थिती ठीक आहे. रक्तदाब थोडा वाढलेला.

साक्षीदार दुसरा: (सही)
धाकटा भाऊ. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तसेच माशात शिसे कोणी घातले नव्हते. सकाळी मासा तंगूस तोडून गेला होता. मी होडीत होतो. मी पाहिले.