घरी जेवायला बोलाव

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. हिराआत्यास,
रत्नदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कानाचं मशीन पुन्हा बिघडल्याचं तुझ्या शेजारच्या दीप्तीनं कळवलं, म्हणून फोनवर ओरडण्यापेक्षा हे पत्र. वन-नॉर्थच्या आमच्या ऑफिसात एक अभ्यास सुरू आहे. ज्या पुरुषांचं प्रेम पुरुषांवर असतं, त्यांच्या तब्येतीचा आणि मनाच्या दुखण्यांचा. माझ्याकडे कोलंबिया, मेक्सिको अशा लॅटिन अमेरिकेतल्या देशांतून इथे नोकरीला आलेले लोक दिले आहेत. आहेत मूठभर, पण नाव फुटेल या धास्तीनं एकही पुढे येत नाही. आमच्या प्रमुख बाई म्हणतात, मार्चअखेर आले नाहीत तर त्यांना वगळू. मग उद्या उपचार ठरवताना त्यांचा विचारच होणार नाही. मला ते सहन होत नाही.

माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा मातेओ कोलंबियाचाच. तो ओळखीच्यांना गळ घालतो आहे. तू नर्स म्हणून डोस पाजत वस्त्याच्या वस्त्या पालथ्या घातल्यास. तू काय केलं असतंस?

बाबांना जयभीम. तुझी माया पत्रातूनही येऊ दे.

तुझा,
रत्नदीप

नागपूर
२३ फेब्रुवारी

चि. रत्नदीप यास,
अ. आ. व जयभीम.

तुझं अक्षर डॉक्टरांच्या वरताण आहे, वाचण्यात अर्धी दुपार गेली. तू लिहिलेली माणसं कोणती ते समजलं. मला त्यात नवल नाही.

आमच्या वेळी लोक मला बघून दारं लावून घ्यायचे. मी औषधाची पेटी बाजूला ठेवून आधी बसायचे, त्यांचा चहा प्यायचे, जेव म्हणाले तर जेवायचे. एकही दार कायमचं बंद राहिलं नाही. तू त्यांना ऑफिसात कशाला बोलावतोस? घरी जेवायला बोलाव. भरीत-भाकरी कर. माणूस जेवला की मोकळा होतो. मातेओला भाकरी थापायला बसव, नाहीतर आयतं खाईल. आणि ताटं कशी वाढलीस त्याचा फोटो टाक, दीप्ती मला दाखवेल.

तुझे बाबा मुली बघायच्या म्हणतात. मी अजून थोपवलं आहे.

जिवाला जप, आणि आत्याची आठवण असू दे.

हिराआत्या

बुओना व्हिस्टा
६ एप्रिल

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

सगळं नासलं. ते सगळे एका रविवारी जेवायला आले होते. मातेओची पहिली भाकरी बघून खूप हसले. जेवता जेवता बोलू लागले आणि अभ्यासात यायलाही तयार झाले. तुझं खरं होतं.

मी तुझ्यासाठी ताटांचा फोटो काढला आणि दीप्तीला दिसावा म्हणून नेहमीसारखा स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, आमच्या अभ्यासाचे पाहुणे. ताटांमागे मातेओच्या मित्राचा, आन्द्रेसचा चेहरा होता. माझ्या ओळखीचा पुण्याचा समीर आन्द्रेसच्याच ऑफिसात आहे, त्यानं तो फोटो पाहिला, आणि आमचा अभ्यास कसला हे त्याला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तिथे सगळ्यांना कळलं. टोमणे असह्य होऊन आन्द्रेसनं राजीनामा दिला. नोकरीबरोबर इथे राहायचा पासही गेला. ज्या घरापासून लपायला तो इतक्या लांब आला होता, तिथेच परत गेला. आता फोन उचलत नाही. बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. मी ऑफिसात चूक कबूल केली. मला अभ्यासातून काढलं आणि त्या लोकांना वगळून टाकलं.

मातेओ फ्लॅट सोडून गेला. जाताना म्हणाला, दुसऱ्या कुणाला नाही तरी तुला हे कळायला हवं होतं. आत्या, तो नुसता फ्लॅटमधला सोबती नव्हता. तीन वर्षं आम्ही एकमेकांचे होतो. मीही त्यांच्यातलाच आहे. इथे आता मला कुणी नाही. बाबा तुझं ऐकतात, त्यांना तू सांग. मग मी घरी येतो.

वाट बघणारा,
रत्नदीप

नागपूर
२० एप्रिल

चि. रत्नदीप यास,
अ. आ.

पत्र वाचून खूप रडले. फोटो मी मागितला होता, तेव्हा आन्द्रेसचं जे झालं त्याचा दोष माझ्याही माथी आहे. मातेओचं मला तुझ्या पहिल्याच पत्रात उमगलं होतं. तू जसा आहेस तसा माझा आहेस. हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायची लाज वाटते.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या बाबांकडे गेले. दादा खुशीत होता. निळा फेटा अजून खुंटीवर होता. आदल्या दिवशी मिरवणुकीत तो भेटेल त्याला तुझं कौतुक सांगत होता. मी चहा प्यायले, जेवलेसुद्धा. परक्यांच्या दारात कधी न अडखळलेली माझी जीभ भावासमोर उचलेना. शेवटी त्यानंच विचारलं, पोराचं पत्र आलं का, बरा आहे ना. मी म्हटलं, मजेत आहे.

त्यानं एका मुलीच्या घरच्यांना शब्द दिला आहे. तू आलास की बघायचा कार्यक्रम ठरेल. मला अजून तोंड उघडायचा धीर नाही. इतक्यात घरी येऊ नकोस, बाळा.

आशीर्वादाशिवाय द्यायला काही नाही.

हिराआत्या