जखम शून्य

३ मार्च, सोमवार
आले एकदाची! नऊ नंबरची खोली, खिडकीतून बागेचा तुकडा, पलंगाची कुरकुर अगदी घरच्यासारखी. घशाच्या गाठीवर रेडिएशन सुरू झालं आणि तोंडात असे फोड आले की पाणीसुद्धा झोंबायला लागलं. म्हणून पोटात नळी बसवून मला हॉस्पिटलच्या राहत्या विभागात आणलंय. रोज रेडिएशन, मग वीस मिनिटं लाल दिवा. त्याने फोड भरतात म्हणे. मी बस स्टँडवर गाड्या पुकारणारी बाई, बावीस वर्षं तोंडाचा पट्टा पोटासाठी चालवलाय. आवाज वाचू दे, बाकी काही मागणं नाही. हे निघताना म्हणाले, आता घरात जरा शांतता नांदेल. म्हणे शांतता! डोळे भरले होते यांचे.

५ मार्च
दिवेवाली (हे नाव मीच ठेवलंय) मोठी गोड बाई आहे. मान खुर्चीला बांधते, डोळ्यांवर काळा चष्मा लावते, तोंडात बोटाएवढी दिव्याची कांडी ठेवते आणि बाहेरून दार लावून घेते. दुखत नाही, नुसती ऊब लागते. तिच्या तक्त्यावर जखमेला चारपासून शून्यापर्यंत आकडे असतात. माझा तीन.

८ मार्च
आकडा एक! आनंदाच्या भरात शेजारच्या खोलीतल्या आजोबांना दोन गाड्या पुकारून दाखवल्या. मास्कवरून नुसते बघत राहिले. भलतेच घुमे.

१० मार्च
शून्य. तरी दिवा चालूच. आरशात पाहिलं तर उजव्या कोपऱ्यात दोन्ही ओठ एकमेकांना चिकटलेत. शिवण नाही, फट नाही, नुसती गुलाबी कातडी. बोटाने सोडवायला गेले तर रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनने जबडा आखडतोच. रक्त आलंय म्हणजे जखम आहे, दिवा चाळीस मिनिटं करा.

१३ मार्च
आता पेन्सिल जाईल एवढीच फट उरलीय, कांडी बाहेरूनच ओठांवर टेकवतात. पाटीवर लिहून दिलं, दिवा बंद करा. दिवेवाली म्हणाली, लिहिलेलं चालत नाही. मागे नातेवाइकांनी परस्पर चिठ्ठ्या देऊन उपचार बंद पाडले होते. तेव्हापासून नियमच आहे, नको असेल तर पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी जीव खाऊन ओरडले. घरघर निघाली नुसती. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि तक्त्यावर लिहिलं, पेशंटची हरकत नाही.

१६ मार्च, रविवार
हे आले. सगळं लिहून दाखवलं. दिवेवालीने तक्ता पुढे केला, शून्यच शून्य. यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, जिथे तोंड होतं तिथे, आणि म्हणाले, किती छान भरलंय गं. मग रागावले, आता कुठे बरी होतेयस तर हे काय रडगाणं? पाटी फेकून मारली मी! मी ओरबाडून घेते म्हणून हात बांधलेत. हे माझ्यासाठी रडले आणि पुढच्या उपचारांना सही करून गेले. उजव्या हाताची बोटं लिहायला तेवढी मोकळी—

१७ मार्च
दिव्याला नेताना शेजारच्या आजोबांची खोली दिसली. गादी गुंडाळलेली. तक्ता भिंतीवर तसाच. तोंड, शून्य. खाली आणखी एक ओळ— नाक, शून्य.

१८ मार्च
नाक कोरडं पडलंय. उशीवर रक्ताचा एक थेंब. गालाने झाकून ठेवला. तिने डोकं उचलून पाहिला. हळहळली बिचारी, खरंच हळहळली. माझ्या तक्त्यावर नवी ओळ आखली—

२० मार्च
डावी नाकपुडी शून्य. उजवीतून श्वास येतोय— थोडा— पडून नाही येत, बसून—

२१
दार वाजलं. ती कांडी घेऊन— मी मान हलवतेय, हलवतेय— ती थांबलीय, माझ्या बोलण्याची वाट बघतेय— अहो, धावत या, मी अजून आत—