दूध कशाला म्हणायचं

डोक्कुम, गोठ्याशेजारच्या खोलीतून
बुधवार, ११ मार्च

प्रिय वित्स्के,

नव्या नोकरीचे पहिले दिवस कसे चाललेत? समुद्राला अडवून धरायचं काम आपल्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं. तू बंधाऱ्यांच्या खात्यात लागलीस म्हणून मी गावभर मिरवतोय, हे तुझ्या आईने तुला सांगितलं असेलच. इकडे सगळं नेहमीसारखं. शेतात अजून चिखल आहे. शेजारच्या ड्यूर्कच्या शेळ्या-मेंढ्या व्यायला लागल्यात. आपली मोठी काळी गाय काल व्याली, कालवड झाली. तुझी लोब्के नीट जेवते, नीट झोपते आणि मांजराला दिवसभर ओरडत असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. उद्या तिला न्यायला येशील तेव्हा माझं तोंड बघून दचकू नकोस. मिशी काढली. तुझ्या जन्माआधीपासूनची होती, पण काढली. आई म्हणते, सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोस. लोब्केने आधी ओळखलंच नाही.

कारण नंतर सांगतो.

तुझा मेन्नो संध्याकाळी लोब्केचं विसरलेलं पांघरूण घेऊन येणार आहे. हे पाकीट मी त्याच्या हातात देईन. फोन का करत नाही, असं तू विचारशील. फोनवर मी भाषण ठोकतो, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

ल्यूवार्डनची ती शेतकऱ्यांची सभा तुला आठवते का? मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो, ‘जे सडातून येतं ते दूध! बाकीचं सगळं पाणी, आणि पाण्याला दूध म्हणणारा चोर!’ सभागृह उभं राहिलं होतं. तू मागच्या रांगेत होतीस, लोब्के तुझ्या पोटात होती. तू टाळी वाजवली नाहीस. ओटच्या पेयाच्या डब्यावर कायद्याने ‘दूध’ असं छापता येत नाही, यात मला आजही आनंद आहे. माणसाने शब्दाला जागावं. ज्या प्राण्याने या चिखलातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या जगवलं त्याचं नाव कुणी उचलून...

बघ, पुन्हा सभा सुरू झाली. आई खिडकीतून बघतेय. मघाशी म्हणाली, “सभेत दिवस मावळेपर्यंत बोलशील, आणि लेकीला एक खरी गोष्ट लिहवत नाही?”

लिहितो.

दुधाच्या ॲलर्जीपायी पाळणाघराने लोब्केला नाही म्हटलं, तेव्हा तू आमच्या दारात उभी राहून विचारलंस, “बाबा, तुमच्या घरात सगळीकडे दूध आहे. जमेल?” मी म्हणालो, जमेल. म्हणायला काय लागतं! तू गेल्यावर मी घरभर फिरलो. दाराच्या कड्या, माझे बूट, डगल्याच्या बाह्या, मांजराची बशी. भिंतीपलीकडे दुधाची टाकी घुमत असते, तो आवाज ऐकत मी आयुष्यभर शांत झोपलो. आता तोच आवाज ऐकून उठून बसतो. टाकी भरलेली आहे आणि तिच्यातला एक थेंब पोरीला पुरेसा आहे.

मी वाचन सुरू केलं. आयुष्यात जाडजाड ग्रंथ वाचले, पण डब्यामागची बारीक अक्षरं वाचली तितकं जीव मुठीत धरून काही वाचलं नव्हतं. सॉसेजमध्ये दुधाची पावडर! बिस्किटात, सूपच्या पुडीत, बटाट्याच्या कापांत. आपणच ती विकली, वित्स्के. आपल्याच डेअरीची असेल.

मग दुकानात गेलो, पेयांच्या फळीसमोर. मी तिथे उभा! रोखपालीण हसली. “वीब्रेनकाका, वाट चुकलात का?” मी म्हटलं, “नातीसाठी आहे, गप्प बस.” तांदळाच्या पेयाचा डबा सगळ्यांत साधा, पांढराशुभ्र दिसला, तो उचलला. घरी आणल्यावर तू नंबर दिलेल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “तांदळाचं इतक्या लहान मुलांना रोज द्यायचं नाही, त्यात आर्सेनिक असतं.” आर्सेनिक! मी डबा टेबलावर असा ठेवला जणू तो फुटणार होता. बदामाचं? “त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत.” ओटचं? “मोठ्यांच्या कॉफीला ठीक आहे. या वयात लोब्केचं मुख्य पेय म्हणून कमी पडतं. तिच्या आईला सांगितलंय तेच द्या. सोयाचं, साखर नसलेलं, कॅल्शियम आणि बी-बारा घातलेलं. सोया तिला सोसतं, ते आम्ही तपासलंय. आणि डबा दर वेळी हलवा, कॅल्शियम तळाशी बसतं.”

म्हणजे तू लिहून ठेवलं होतंस तेच. मला विचारून बघायचंच होतं. तुझ्या बापाचा स्वभाव.

त्यात ड्यूर्क दारात शेळीच्या दुधाची बाटली घेऊन हजर. “वीब्रेन, लेका, डोकं चालव! पोरीला गाईचं चालत नाही ना? मग शेळी काय गाय आहे?” मला पटलं. नुसतं पटलं नाही, पुढच्या सभेत वापरावं असं वाटलं. तरी बाईंना पुन्हा फोन केला. “आजोबा, तिच्या शरीराला शेळीचं आणि मेंढीचं दूध गाईचंच वाटणार. बाटली परत द्या. आणि हात धुवा.” ड्यूर्कला म्हटलं, “घेऊन जा, नाहीतर तुझ्या शेळीवर ओततो.” तो रुसून गेला. मी पायरीवर बसून राहिलो. फोन लागला नसता तर मी ते दिलं असतं. ओठ पुसत, कौतुकाने दिलं असतं.

इथवर मी सुटलो होतो. भांडी वेगळी केली, स्पंज वेगळा, तिच्या पेल्यावर आईने निळा दोरा बांधला. गोठ्यातून आलो की कपडे बाहेर काढायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे. सगळं केलं. वाटलं, जिंकलो.

आता मिशीचं.

काल दुपारी मी गोठ्यात उभ्याउभ्या माझा नेहमीचा ताकाचा पेला प्यालो. मग कपडे बदलले, हात धुतले. आत आलो तर लोब्के धावत आली, “पाके! पाके!” करत. आजोबाला अशी हाक मारत कुणी धावत आलं की माणूस काय करतो? मी उचललं आणि गालाचा पापा घेतला.

हात धुतले होते. मिशी धुतली नव्हती.

माझ्या ओठांच्या आकाराचा लाल वळ उठला, वित्स्के. तंतोतंत माझ्या ओठांचा. डोळ्यांसमोर फुगत गेला, मग कानापर्यंत गांध्या, मग तिचा वरचा ओठ सुजला. ती गाल खाजवत रडायला लागली. आईने तू लिहून दिलेला कागद बघून ॲलर्जीचे थेंब पाजले आणि इंजेक्शन टोपण काढून हातात धरलं. मला ओरडली, “फोन लाव!”

फोन लावला. रुग्णवाहिकेच्या नंबरवरची बाई म्हणाली, “काय झालंय?”

मी म्हणालो, “दूध.”

“दूध काय? कुठून बोलताय?”

“दूध,” मी म्हणालो. पुन्हा तेच. ज्या घरात जन्मलो त्याचा पत्ता मला सांगता येईना. हजारोंच्या सभा गाजवणारा तुझा बाप एवढा एकच शब्द बोलत उभा होता. शेवटी आईने खोलीच्या पलीकडून पत्ता ओरडून सांगितला.

“मूल रडतंय का?” फोनवरच्या बाईने विचारलं. “मोठ्याने? छान. रडू दे. आवाज बसला, खोकला आला, श्वासाची घरघर झाली किंवा ती मलूल पडली तर लगेच इंजेक्शन, आमची वाट बघू नका.” कुणाचं रडणं ऐकून जीव भांड्यात पडावा, असं मला कधी झालं नव्हतं. रडली की मी श्वास घेत होतो. रडता रडता थांबली की थांबत होतो.

सूज वाढली नाही. इंजेक्शन लागलं नाही. रुग्णवाहिका आली, त्यांनी तपासलं, मग गावातल्या डॉक्टरीणबाईंनी दुपारभर आपल्याजवळ बसवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत गालावर काही उरलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, “हिच्या आईला आजच सांगा.”

रात्री तुझा फोन आला. तू विचारलंस, “सगळं ठीक?” मी म्हणालो, “झकास.” आईने माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यावर मी अख्खी रात्र काढली. पहाटे उठून मिशी काढली.

मी गाईंविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. तसा माणूस मी नाही. पण मला भीती वाटते. हे वाक्य मी कधी कुठल्या मंचावर म्हटलं नाही, इथे लिहितो. टाकीची भीती वाटते, ड्यूर्कच्या प्रेमाची भीती वाटते, सगळ्यांत जास्त माझी स्वतःची. तिला दुखवायचं म्हटलं असतं तर मी सावध राहिलो असतो. मी लाड करत होतो.

सोमवारी तिला इथे पाठवायचं की नाही, ते तू ठरव. नाही पाठवलीस तर तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. पाठवलीस तर काय जाऊ शकतं, तेही आता कळतं. तुझं मन वळवण्यासाठी मी एक शब्दही खर्च करणार नाही. सगळं खरं तुझ्यासमोर असावं, म्हणून लिहिलं.

आज सकाळचं तेवढं सांगून थांबतो. काल संध्याकाळपासून लोब्के माझ्याजवळ आली नव्हती. मी दिसलो की तळहाताने गाल झाकायची. सकाळी मी टेबलाशी बसलो होतो, हा असा बोडक्या तोंडाचा. ती लांबून बराच वेळ बघत राहिली. मग निळ्या दोऱ्याचा पेला घेऊन आली, माझ्या गुडघ्यावर आपटला आणि म्हणाली, “पाके, दूध.”

आई चुलीपाशी थबकली. मी काय म्हणतो, याची वाट बघत होती.

मी उठून हात धुतले, तोंड धुतलं. सोयाचा डबा घेतला, मागची अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, डबा हलवला. ओतताना थोडं सांडलं.

“घे, बाळा,” मी म्हणालो. “दूध.”

तिचा पापा न घेता तिच्या शेजारी बसून असलेला,
तुझा घाबरलेला
बाबा