बाबांनी लावलेली धार

प्रिय भिंगरी,

तुझा मेसेज आईनं मला वाचायला दिला. कंटाळा आलाय, स्केटिंग सोडते, महिनाअखेर हॉस्टेलमधलं सामान घेऊन घरी येते. बस, एवढंच. आईनं तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि मशीनवर पडदे शिवायला बसली. बाबा कामावर निघून गेले आणि डबा घरीच विसरले. आत्ता मी दुकानात आहे. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, मालक जेवायला गेलेत, आणि चष्म्याचे नंबर लिहायच्या पॅडवर मी तुला पत्र लिहिते आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तू एक तर रडशील नाहीतर रागावून ठेवून देशील. शिवाय फोनवर मी फार सफाईनं खोटं बोलते. कागदावर ते तितकं जमत नाही.

तर पहिली गोष्ट, तुला कंटाळा आलेला नाही. हे दुसऱ्या कुणाला सांग. मोजे घालून स्वयंपाकघराच्या फरशीवर गिरक्या घेत आईच्या चार कपबशा फोडणारी पोरगी मी पाहिलेली आहे, तुझं नाव भिंगरी मीच ठेवलं आहे. तुझ्या कोच मॅडमचा मघाशी मला फोन आला होता. त्या म्हणाल्या, सोडते असं सांगून झाल्यावरही ही रोज पहाटे साडेपाचला सगळ्यांच्या आधी बर्फाच्या रिंकच्या दारात उभी असते. कंटाळलेली माणसं त्या वेळी पांघरुणात असतात, बाई. मॅडमनी पुढच्या वर्षाच्या यादीत तुझी जागा तीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. त्यानंतर ती दुसऱ्या मुलीला जाईल, हे त्यांनी मुद्दाम दोनदा सांगितलं.

निवड स्पर्धेत तू चौथी आलीस आणि निवडल्या तिघीच, हे कारण असेल असं आईला वाटतं. मला नाही वाटत. दोन वर्षांपूर्वी तू अकरावी आली होतीस आणि बसमध्ये घरी येईपर्यंत पुढच्या वर्षीच्या उड्या बोटांवर मोजत होतीस. पडायची तुला सवय आहे, तोच तुझा धंदा आहे. तुला लागलं ते वेगळंच. स्पर्धेच्या आधी तू चार दिवस घरी आली होतीस, तेव्हा आत्या जेवायला आली होती. हात धुता धुता ती सगळ्यांसमोर म्हणाली, "थोरलीनं हिच्यापायी कॉलेज सोडलं. आता हिनं निदान एखादं पदक तरी आणावं." तू ताट तसंच ठेवून उठलीस. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत राहिले. का, ते सांगायलाच हा कागद घेतला आहे, पण मला माझ्या चालीनं येऊ दे.

आधी आत्याचा समाचार घेते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तिचं आवडतं वाक्य. तिच्या मुलाच्या लग्नात घोड्यापासून फटाक्यांपर्यंत सगळं झालं, तेव्हा अंथरुणाची लांबी कुणी मोजली नाही. समोरच्या घरमालकांनी नुसत्या गाडीसाठी वेगळी खोली बांधली, त्यांनाही कुणी विचारत नाही. आपण काय केलं, तर आपल्या घरातल्या एका मुलीला जे येतं ते तिला करू दिलं. नाकापेक्षा मोती जड, असं आत्या म्हणते. असेल जड. नाक आमचं आहे, मोतीही आमचाच आहे, तिला कशाला शिंका येतात?

पैसे लागतात, हे मी नाकारत नाही. तू आता सोळाची आहेस, तुझ्यापासून काय लपवायचं? बर्फावरचा प्रत्येक तास विकत घ्यावा लागतो. नाच बसवणाऱ्याचे वेगळे, गाणं कापून जोडणाऱ्याचे वेगळे. बाहेरगावी स्पर्धा असली की मॅडमचं तिकीट आणि खोलीभाडंही आपल्याच गळ्यात, हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा आईला वाटलं आपली थट्टा चालली आहे. गाडी गेली, मोठं घर सोडून या दोन खोल्यांत आलो, बाबा दोन पाळ्या करतात, आणि आई दिवसभर पडदे शिवून झाल्यावर तुझ्या पोशाखावर खडे शिवते. शिवते, चिकटवत नाही. चिकटवलेला एक खडा मागे बर्फावर पडला आणि तुझा गुण कापला गेला, तेव्हापासून ती प्रत्येक खडा दातांनी ओढून पाहते. इतर मुलींचे पोशाख शिंप्याकडून येतात, त्यांच्या आयांना हे काय सुख आहे ते कधी कळायचं नाही. आईला शिवताना मी पाहते. पोटाला चिमटा घेतलेल्या बाईचा तो चेहरा नसतो. ती गुणगुणत असते.

बाबांची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती तुला अर्धीच माहीत आहे.

चार वर्षांपूर्वीचं आठव. रिंकवरचा माणूस पात्यांना धार लावायचे जे पैसे घ्यायचा, ते बाबांना फार झोंबायचे. वीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. "लोखंडाला धार लावायची आणि मी दुसऱ्याला पैसे देऊ?" असं म्हणून एका रविवारी त्यांनी तुझे स्केट्स कारखान्यात नेले. परत आणले तेव्हा काय तोरा होता! पाती आरशासारखी चमकत होती, हात फिरवला तर कुठे ओरखडा नाही. पुढचे दाते त्यांना खडबडीत वाटले, बनवणाऱ्याच्या कामात राहिलेली कसर असेल म्हणून तेही त्यांनी प्रेमानं घासून गुळगुळीत केले. पात्याच्या पोटात लांबच लांब खोबण असते, त्या खोबणीमुळे दोन कडा होतात आणि त्या कडांवरच तू उभी राहतेस, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ती खोबण म्हणजे झिजून पडलेली खाच समजून घासून सपाट केली. दुसऱ्या दिवशी तू बर्फावर पाय ठेवलास आणि दोन्ही पाय दोन दिशांना गेले. उडीसाठी टेकायला दातेही नव्हते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रिंकवरचा माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार. तो एवढंच म्हणाला की ही पाती आता संपली, नवी घ्या. स्पर्धा पंधरा दिवसांवर होती.

त्या संध्याकाळी बाबा टेबलाशी बसले होते आणि ती चकचकीत पाती त्यांच्यासमोर टॉवेलवर होती. घरात एकच रक्कम बाजूला काढलेली होती, माझ्या फिजिओथेरपीच्या कॉलेजची पहिली फी. आणि मी म्हणाले, "माझी फी राहू द्या बाबा, आधी पाती घ्या. मी पुढच्या वर्षी बघेन." आई रडली. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. तू दारात उभी होतीस, बारा वर्षांची, बूट छातीशी धरून.

तेव्हापासून मी घरातली पुण्यवान झाले. आत्या जाईल तिथे माझं नाव काढते. शेजारच्या बाई आपल्या मुलींना माझं उदाहरण देतात. दुकानात नोकरी धरली तेव्हा सगळे हळहळले, बिचारी चष्मे विकते. एकानंही विचारलं नाही की तुला ते आवडतं का. मला आवडतं, भिंगरी. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांवर पहिल्यांदा नीट नंबर चढतो आणि ती भिंतीवरच्या अगदी खालच्या ओळीतली अक्षरं वाचायला लागतात, तेव्हा मला जे होतं ते कुठल्या पदवीनं झालं असतं असं वाटत नाही. मालक पुढच्या वर्षी दुसरं दुकान काढतायत आणि ते मी सांभाळावं असं त्यांनी परवाच सांगितलं. मी बिचारी नाही. कधीच नव्हते.

बाबांनी मात्र त्या दिवसापासून कुठल्याच गोष्टीला धार लावलेली नाही. तू घरी असतेस तेव्हा ते तुझी पाती टॉवेलात गुंडाळून रिंकवरच्या त्या माणसाकडे नेतात, तो मागेल ते देतात आणि मान खाली घालून परत येतात. आईची विळीसुद्धा बाहेरून धार लावून आणतात. थोरलीचं शिक्षण आपण एका रविवारी कानशीनं घासून टाकलं, असं त्यांना वाटतं. तोंडानं म्हणत नाहीत. पण माझ्याशी बोलताना ते आवाज खाली आणतात, जसा कुणी सावकाराशी बोलताना आणतो, आणि मी चार वर्षं ते ऐकून घेतलं आहे.

आता ऐक. त्या संध्याकाळी कॉलेजात माझी जागा नव्हतीच. प्रवेश परीक्षेचा निकाल दोन दिवस आधी लागला होता. मी तो एकटीनं पाहिला होता आणि मी नापास झाले होते, थोडक्यात वगैरे नाही, चांगली सणसणीत. घरी मी जागा मिळाली म्हणून सांगितलं होतं आणि फी भरायच्या दिवशी काय करायचं याचाच विचार करत होते. तेवढ्यात बाबांनी पाती घासली. जे माझ्याकडे नव्हतंच ते मी तुझ्यासाठी सोडलं, आणि सगळ्यांनी मला देवीसारखं बसवलं. मला ते आवडलं, आणि दर वर्षी खरं सांगणं जास्त जड होत गेलं. निवड स्पर्धेत तू चौथी आलीस ते माझं ओझं घेऊन उड्या मारताना आलीस, आणि आता त्याच ओझ्यापायी घरी यायला निघाली आहेस, म्हणून लिहिते आहे. तू माझं काहीएक घेतलेलं नाहीस. हे पत्र पेटीत टाकून मग मी घरी जाणार आहे, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही, आणि जेवायच्या आधी बाबांना हेच सगळं सांगणार आहे. ते चिडतील. चिडू देत, निदान मोठ्या आवाजात बोलतील. तुला खरंच सोडायचं असेल तर सोड, पाय थकले म्हणून सोड, मन उडालं म्हणून सोड, तुझ्या बाजूनं आत्याशी भांडायला मी उभी आहे. पण माझ्यासाठी सोडते म्हणालीस तर ते मी घेणार नाही. चार वर्षं मी खोटा त्याग मिरवला आहे, तो कसा असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. तीस तारखेच्या आत मॅडमना काय ते सांग, आणि जे सांगशील ते तुझं स्वतःचं असू दे.

तुझीच, परीक्षेत नापास झालेली आणि तरीही तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठीच असलेली,
ताई