तोफ गळायची थांबली

खर्डा, ता. जामखेड,
जि. अहमदनगर (आता अहिल्यानगर लिहायचे असते, पण हात जुना आहे, आपसूक तिकडेच वळतो)

चिरंजीव राजमान्य राजेश्री जस्टिन जावईबापू यांस एलिया मास्तरांचा प्रभूच्या नावाने सलाम.

आपली प्रकृती कशी आहे? नाताळात आपण इथे होता तेव्हा पहाटे फार खोकत होता, आणि आपल्या सासूबाई (म्हणजे आमची दया) हवेला दोष देऊन आपल्याला आल्याचा काढा पाजत होत्या. आमची लेक चि. एंजल खुशाल असेलच. आम्ही दोघे बरे आहोत. दयेचे गुडघे थंडीत कुरकुरतात. माझे कुरकुरत नाहीत, कारण मी उठायचेच टाळतो. दुपारी ओसरीवर बसलो की शाळेतून पाचवीची मुले एका सुरात कविता म्हणताना ऐकू येतात. शेवटच्या कडव्याला त्यांची गाडी नेहमीसारखी घाईने पळते. मग माझा हातही आपोआप मांडीवर ताल धरतो, आणि समोरचा चहा गार होतो. असो. पत्रास कारण की, आपले यंत्र.

आपण गेल्यावर हळू आवाजात फोन केलात की, पप्पा, न्हाणीघराच्या खिडकीत माझी एक वस्तू राहिली आहे, एंजलला कळू देऊ नका, ती गळते म्हणून उभीच ठेवा, येईन तेव्हा नेईन. जावयाचा शब्द या घरात आजवर खाली पडलेला नाही. मी वस्तू उभी ठेवली. पण नुसती ठेवून माणसाचे समाधान होत नाही, मी ती निरखली. खाली बॅटरीचा ठोकळा, वर काचेची टाकी, टाकीत पाक, पाकाला टेकलेला कापूस, कापसाभोवती तारेची इवलीशी स्प्रिंग. बटण दाबले की तार तापते, कापसात चढलेला पाक उकळतो आणि पांढरा धूर निघतो. म्हणजे ही विजेची सिगारेट आमच्या रॉकेलच्या चिमणीचीच नात, फक्त शहरात शिकलेली. धूर पाहिला मात्र, आणि माझ्या डोळ्यांपुढे तोफ उभी राहिली.

तोफेची हकिकत आपणास ठाऊक नसेल. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी खर्ड्याच्या लढाईचा प्रवेश होतो, आणि त्यातली पत्र्याची तोफ मी नोकरीत होतो तेव्हापासून माझी आहे. मी निवृत्त झालो, तोफ झाली नाही. तिच्या निमित्ताने मला वर्षातून एकदा शाळेत बोलावणे येते. (एरवी एका म्हाताऱ्या मराठीच्या मास्तरला कोण कशाला बोलावतो?) पण मागच्या वर्षी धुरासाठी ओले गोणपाट पेटवले, त्यात पडद्याची झालर गेली आणि निजामाची सगळी फौज खोकत खोकत प्रेक्षकांत जाऊन बसली. आता मुख्याध्यापिका आहेत राजनंदिनी मॅडम. माझ्याच विद्यार्थिनी, कविता उत्तम म्हणत, गणितात रडत. त्यांनी नम्रपणे सांगितले, "सर, यंदा विस्तव अजिबात नको. धूर जमला नाही तर मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लावू, आणि तोफ भंगारात देऊ." जावईबापू, भंगार हा शब्द तोफेला होता, पण लागला मला.

तेव्हा आपल्या यंत्राला मी कामाला लावले. अडचण एवढीच की, त्यातून धूर काढायचा तर कुणीतरी तोंडाने ओढायला हवा, आणि शाळेच्या व्यासपीठावर ते माझ्याच्याने पाहवणार नाही. मग माझी जुनी बाजाची पेटी आठवली. तिचा भाता हवा आत ओढतो आणि सुरांतून बाहेर सोडतो, म्हणजे दमेकरी नसलेले फुप्फुसच. भात्याची बाकीची भोके मी कागद चिकटवून बंद केली, एका भोकाला कूलरच्या नळीने यंत्र जोडले, गोरक्षने बटण दाबले, मी भाता हलवून काळी चार धरली, आणि पेटी धूर सोडत गाऊ लागली! (गोरक्ष म्हणजे आमचा गोलंदाज. पंचायतीतून निवृत्त शिपाई, तोफेला बत्ती देण्याचा मान त्याचा.) तो म्हणाला, "मास्तर, पेटीला येसन लागलं की वो! आता ही बी म्हातारपनी सोडायची न्हाई." मात्र आपल्या पाकाला आंब्याचा वास होता, हे ध्यानात राहिले नाही. त्यानंतरच्या रविवारी, कागद आणि नळी काढून, दयेने तीच पेटी चर्चमध्ये वाजवली. भात्याच्या प्रत्येक हेलकाव्यानिशी हापूस दरवळे, आणि जानेवारीत मंडळी प्रार्थना सोडून एकमेकांच्या पिशव्यांकडे पाहू लागली. घरी येताच मी आपला पाक लांब नेऊन ओतला, सगळे भाग गरम पाण्याने धुतले आणि मेडिकलमधून साधे ग्लिसरीन आणले.

पेटी तोफेखालच्या खोक्यात बसवली. खोके चहूबाजूंनी बंद, फक्त मागे हात घालण्यापुरते कापड आणि बटण दाबता यावे म्हणून बाहेर काढलेले यंत्र. धुराला वाट एकच, ती तोफेच्या नळीतून. रंगीत तालमीला मॅडम पहिल्या रांगेत बसल्या. गोरक्षने बत्ती दिली, मी सूर धरला, आणि धूर येण्याऐवजी तोफेखालून चिकट ओघळ निघाला. निजामाचा सरदार (इयत्ता आठवी) त्यावर घसरून गोळा लागण्याआधीच पडला. गोरक्ष भरसभेत ओरडला, "मास्तर, तोफ मुतली!" (शब्द त्याचा आहे.) मुले पोट धरून हसली. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागले. जाताना म्हणाल्या, "सर, मी व्हिडिओवाल्याला सांगून ठेवते. उद्या संध्याकाळी पडदा उघडायच्या आत तुमचं जमलं तर बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चटई टाकून मी यंत्र उघडले, आणि आपणास जी विद्या विकत घेऊनही मिळाली नाही ती मला मिळाली. पहिली चूक टाकीच्या रबरी रिंगेची. ती एका जागी चिरली होती. निवृत्तीला शाळेने दिलेले घड्याळ कधीचे बंद आहे, त्याच्या पाठीची रिंग काढली, तिला ग्लिसरीनचे बोट लावले, आणि ती न पिळवटता अशी बसली की जणू तिच्यासाठीच ते घड्याळ बंद पडले होते. दुसरी चूक भरण्याची. हवेचे छिद्र उघडे ठेवून आपण पाक ओतता, तो सरळ खाली पळतो. छिद्र आधी बंद करावे, पाक भरावा, झाकण लावावे, यंत्र उलटे धरून मग छिद्र उघडावे, आणि त्यानंतर सरळ करावे. तिसरी चूक माझी, कापसाची. आंब्याचा वास लागलेला जुना कापूस टाकून शेजारच्या गोजरबाईंकडून मी देवापुढच्या वाती आणल्या होत्या. ("आवो मास्तर, वात देवाला लावायची का तोफंला?" असे त्यांनी विचारले, मी वाती खिशात घातल्या.) घट्ट वळलेल्या वातीत पाक चढेना, कापूस करपला. म्हणून तालमीच्या वेळी मी तो इतका विरळ घातला की पाक अडेचना. चटईवर बसून दोन्ही वाती पाहिल्या आणि मला फळ्यावरचे वृत्त दिसले. ओळीत शब्द कोंबले तर ती गुदमरते, कमी घातले तर ओळ ढिली पडून अर्थ सांडतो. तारेच्या स्प्रिंगमधून कापूस जरा अडखळत सरकावा, मधे तो भरदार असावा, आणि टोके मात्र विंचरून हलकी करावीत, म्हणजे ती पाकाच्या खाचांत नुसती टेकतात, खाच भरते आणि दबत नाही. विंचरायला दयेची फणी घेतली. (फणी का चिकटते, हे कोडे तिला अजून पडलेले आहे.) तार मधोमध आधी लाल होऊन कडांकडे सारखी पसरते, हे पाहून घेतले. कापूस आधी भिजवला. थंडीने ग्लिसरीन घट्ट झाले होते, ते उन्हात ठेवले. मग खाली पांढरा रुमाल अंथरून यंत्र दुपारभर तसेच उभे केले. रुमाल कोरडा! जावईबापू, मुलांच्या निकालाच्या दिवशीही माझी छाती एवढी धडधडली नव्हती.

संध्याकाळी मैदान भरले होते. व्हिडिओवाला आपली वायर घेऊन पडद्यामागे तयार. मी तोफेमागे मांडी घालून बसलो, हात कापडाखालून पेटीवर. सरदाराने तलवार उपसली, गोरक्षने बटण दाबले, मी भाता ओढला आणि काळी चार दाबली. तोफेच्या तोंडातून धूर आला! आधी एक पांढरी लड, मग मोठाच्या मोठा लोट, गुबगुबीत आणि संथ, पहिल्या रांगेपर्यंत. खोकला कुणालाच नाही, विस्तव कुठेच नाही, आणि तोफ चक्क सुरात! मीही मग आवरले नाही, पोवाड्याची चाल धरून प्रत्येक तालावर एक बार काढला, आणि उठून खड्या आवाजात माझ्याच ओळी म्हटल्या:

धूर उठे बघ धूसर धूसर,
रणी गर्जली तोफ खरोखर!

निजामाची फौज ठरल्यापेक्षा लवकर हरली. लोकांनी तोफेला वन्समोअर दिला. व्हिडिओवाला वायर गुंडाळून माझ्याजवळ आला आणि विचारू लागला, "काका, ही भाड्यानं देता का?" गोरक्षने खोक्याखाली हात फिरवून कोरडा तळवा साऱ्या मैदानाला दाखवला. राजनंदिनी मॅडम माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षीही तोफच." आणि मग, लहानपणी म्हणत तशा, हात मागे बांधून माझ्या दोन ओळी त्यांनी पाठ म्हणून दाखवल्या. जावईबापू, मी धन्य झालो.

कळावे. लोभ आहेच, तो गळू देऊ नये.

आपला,
एलिया

ता. क. १ : समारंभाचे फोटो मोबाईलवर फिरले, त्यात टाकी स्वच्छ दिसते. एंजलने ती ओळखली (मुली सगळे ओळखतात, आपण समजता तसे नाही) आणि फोनवर मला विचारले, हे कुणाचे? आपल्याला शब्द दिला होता, म्हणून मी म्हणालो, माझे. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी फोन करून मला व्यसनमुक्तीवर बोलते, आणि दया प्रार्थनेआधी माझ्या तोंडाचा वास घेते. आपण शेजारी बसून हे ऐकत असालच. मला सोडवायला येऊ नका. मी आपल्या वाटचे ऐकतो, आपण माझ्या वाटचे सोडा. एवढ्याचसाठी हे लांबलचक पत्र.

ता. क. २ : नवे यंत्र मागवण्याचा विचार असेल तर आपल्या देशात त्याच्या विक्रीला बंदी आहे, असे मॅडम सांगतात. आणि जुने परत मिळायचे नाही. ते मी एमसील लावून तोफेखाली कायमचे बसवले आहे. ज्याला ओढायचे असेल त्याने खर्ड्याला यावे आणि भर मैदानात तोफेला तोंड लावावे.