उजवा कौल

कुंडल

उदयसिंह बाळा,

तू सीमेवर हाईस, म्हणून आधी आशीर्वाद, मग खरं.

तुझ्या आईला, आमच्या रंगूअक्काला, सांगलीत आत्ताच ऑपरेशनला आत नेलंय. डॉक्टर म्हणालं हुतं, हृदयाची झडप बदला, उशीर नको. तवा तू मला फोन केलास, “गुंडामामा, देवाला कौल लावा. देव न्हाई म्हणला तर आईला घरी आणायची.”

मी आंघोळ करून देवाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. डावी पडली. आणि मी तुला सांगितलं, उजवा कौल मिळाला.

तीस वर्सं गुरवकी केली. माझ्या तोंडून लोकांची लग्नं मोडली, हिरी खणायच्या राहिल्या, पण कवा पदरचं घातलं न्हाई. ह्या बारीला रंगूअक्काचं निळं पडल्यालं व्हट बघितलं हुतं. मला डॉक्टरचं पटलं हुतं. मग देवाला विचारलं कशाला, ते मला सांगता येत न्हाई.

अक्का वाचली तर तू देवाला चांदीचा मुखवटा करशील. न्हाई वाचली तर देवाला शिव्या देशील. मला कुणी काय म्हणणार न्हाई, ह्याचीच लय भीती वाटती.

हे पत्र तुला धाडावं का, म्हणून आत्ता परत कौल लावला. उजवी पडली.

ती उचलून मी परत चिकटवलीय, जरा दाबून.

तुझा,
गुंडामामा